साप्पोरोचीं अस्वलें आणि उसनी भूतदया

आमच्याकडील सुशिक्षित घरांत अस्वलाची ओळख दोनच वाटांनीं होत असे. एक, गणेशचतुर्थीच्या सुमारास सांगितल्या जाणाऱ्या स्यमंतक मण्याच्या कथेंतील जांबवान. आणि दुसरें, दरवेशाच्या दोरीला बांधलेलें, नाकांत कडी अडकविलेलें, पोरांच्या टाळ्यांवर नाचणारें केविलवाणें जनावर. त्याचा एखादा केस ताइतांत घालण्यासाठीं आया दरवेशाच्या हातावर पैसा ठेवीत. कायद्यानें तो खेळ बंद झाला, हें उत्तम झालें. परंतु दरवेशाची रिकामी जागा आतां एका वाक्यानें घेतली आहे. रानांतील एखादें जनावर वस्तींत शिरल्याची बातमी आली कीं चहाच्या पेल्यावरून कोणीतरी हटकून म्हणतो, "जनावर शहरांत आलेलें नाहीं, शहर जनावराच्या घरांत गेलें आहे." ऐकणारे माना डोलवितात आणि विषय तेथेंच संपतो.

ह्या वाक्यावर आमचा आक्षेप तें खोटें आहे असा नाहीं. आक्षेप असा कीं तें अर्धें आहे, आणि अर्धें असल्यामुळेंच तें बोलणाराला इतकें सुखावह वाटतें. शहर जनावराच्या घरांत गेलें हें कबूल. परंतु शहरांतील नेमकें कोण गेलें? आणि त्या प्रवेशाचें भाडें कोण भरतो? बोलणारा स्वतः भरतो, कीं त्याच्या नांवावर दुसराच कोणी भरतो? हे प्रश्न विचारले कीं वाक्याची गोडी कमी होते. म्हणून ते सहसा कोणी विचारीत नाहीं. ते विचारण्यासाठींच हा लेख आहे.

असल्या प्रश्नांचा निर्णय हवेंत करतां येत नाहीं; एखाद्या शहराचें चरित्र समोर घ्यावें लागतें. आम्हीं त्यासाठीं जपानांतील साप्पोरो निवडलें आहे, आणि त्याचें कारण सरळ आहे. तें शहर वयानें लहान आहे. १८६९ मध्यें जपान सरकारनें उत्तरेकडील एझो बेटाचें नांव बदलून होक्काइदो असें ठेवलें, तें बेट वसविण्यासाठीं एक स्वतंत्र खातें काढलें, आणि त्याच वर्षीं तोयोहिरा नदीच्या मैदानांत साप्पोरोची पायाभरणी केली. अमेरिकेंतून सल्लागार आणले, कृषिमहाविद्यालय काढलें, रान तोडून शेतें व कुरणें केलीं. आज त्या शहरांत वीस लाखांच्या आसपास माणसें राहतात. आणि तरीही त्याच्या हद्दींतील सुमारें शेकडा साठ जमीन अरण्याखालीं आहे. दीडशें वर्षांचा हा सगळा जमाखर्च एकाच वहींत लिहिलेला असल्यामुळें त्याचें पहिलें पान व शेवटचें पान आपण एका बैठकींत वाचूं शकतों.

पहिल्या पानापूर्वीं तेथें कोणी राहत नव्हतें असें मात्र कोणीं समजूं नये. ऐनू लोक त्या बेटावर पिढ्यानपिढ्या नांदत होते. शहराचें नांवही त्यांच्याच भाषेंतून आलेलें आहे. तेथील प्रचंड तपकिरी अस्वल हें त्यांच्या लेखीं डोंगराचा देव. गुहेंतून आणलेलें पिल्लू ते आपल्या वस्तींत पोटच्या पोराप्रमाणें वाढवीत, आणि पुढें मोठा उत्सव करून त्याला मारीत. देवानें आपलें मांस व कातडें माणसाला भेट म्हणून द्यावें आणि सन्मानानें आपल्या लोकीं परत जावें, अशी त्यांतील भावना होती. आमच्या वाचकांतील पुष्कळांना हें क्रूर वाटेल. वाटो. परंतु त्या क्रौर्यांत एक प्रामाणिकपणा होता. जो पूजा करी तोच मारी, आणि जो अस्वलाला देव म्हणे तोच त्याच्या रानांत झोंपडी बांधून त्याचा धोका सोशी. भक्ति एका घरीं आणि भय दुसऱ्या घरीं, अशी वांटणी त्यांच्यांत झालेली नव्हती.

ती वांटणी नव्या शहरानें केली. १८७६ मध्यें सरकारनें ऐनूंच्या विषारी बाणांवर बंदी घातली. पुढें १९५५ मध्यें होक्काइदोच्या प्रशासनानें त्यांचा तो अस्वलोत्सव रानटी ठरवून मना केला. ती आज्ञा मागें घेण्यास २००७ साल उजाडावें लागलें. रानटी कोण आणि सुधारलेला कोण ह्याचा निकाल लावण्यापूर्वीं सुधारलेल्यांनीं काय केलें तेंही पाहूं.

१८७८ च्या जानेवारींत, म्हणजे शहराची आंखणी होऊन पुरीं दहा वर्षेंही झालीं नसतां, मारुयामा डोंगरांत एका शिकाऱ्यानें गुहेंत झोंपलेल्या अस्वलाला मारण्याचा प्रयत्न केला. तो फसला, आणि अस्वलानेंच शिकाऱ्याचा प्राण घेतला. भर हिंवाळ्यांत झोंपमोड झालेलें तें जनावर भुकेनें व्याकुळ होऊन वस्तीच्या कडेकडेनें भटकूं लागलें. पाठलागावर माणसें निघालीं. हिमवादळांत माग हरवला. रात्रीं ओकादामा भागांतील एका कोळसे पाडणाऱ्या कुटुंबाच्या झोंपडींत अस्वल शिरलें. बाप आणि तान्हें मूल मारलें गेलें, आई घायाळ झाली. नंतर तें अस्वल गोळ्या घालून मारण्यांत आलें, कृषिमहाविद्यालयांत नेऊन फाडण्यांत आलें, आणि पेंढा भरून संग्रहालयांत ठेवण्यांत आलें. १८८१ मध्यें सम्राट मेइजी साप्पोरोस आले तेव्हां त्यांनाही तें दाखविण्यांत आलें.

ह्या गोष्टीचा नीट विचार करावा. मेला कोण? एक शिकारी, एक कोळसेवाला आणि त्याचें तान्हें पोर. ज्यांनीं शहराच्या चौकटी आंखल्या त्यांच्या दाराशीं अस्वल गेलें नाहीं. तें जेथें रान संपत होतें आणि शहर अजून सुरू झालें नव्हतें अशा जागीं गेलें. आणि अशा जागीं नेहमींच तीं माणसें राहतात ज्यांना मध्यांत राहणें परवडत नाहीं. मध्यवस्तीच्या वांट्याला काय आलें? पेंढा भरलेलें एक पाहण्यासारखें जनावर. शहर व अस्वल ह्यांच्या व्यवहाराचा नमुना पहिल्या दहा वर्षांतच ठरून गेला: कडेच्या माणसानें किंमत द्यावी आणि मधल्या माणसानें प्रदर्शन पाहावें.

पुढील काळांत हाच नमुना मोठ्या प्रमाणावर गिरविला गेला. शेतें पसरलीं तसें अस्वल हें निखळ शत्रु ठरलें. १९१५ च्या डिसेंबरांत बेटाच्या वायव्य किनाऱ्याजवळील एका नव्या वसाहतींत एका अस्वलानें सात माणसें मारलीं. त्या भयाची छाया बराच काळ राहिली. १९६६ पासून सरकारनें वसंतांतील शिकारीची मोहीम सुरू केली. बर्फ अजून वितळलें नसतां, माग स्पष्ट दिसत असतां, गुहेंत असलेलीं वा नुकतींच बाहेर पडलेलीं अस्वलें मारावयाचीं. त्यांत पिल्लांसह माद्याही आल्या. ज्या प्रशासनानें ११ वर्षांपूर्वीं ऐनूंचा उत्सव रानटी म्हणून बंद केला होता, त्याच प्रशासनाची ही मोहीम! ऐनू एक अस्वल मारून त्याची क्षमा मागत असत. येथें क्षमा मागण्याचें कारण कोणालाच दिसलें नाहीं.

आणि मौज अशी कीं ह्याच काळांत अस्वल शहराचें लाडकें चिन्ह होऊन बसलें. १९२० नंतरच्या काळांत याकुमो गांवीं स्वित्झर्लंडहून आणलेल्या नमुन्यावरून लांकडी अस्वलें कोरण्याचा धंदा सुरू झाला. आसाहिकावा भागांतील ऐनू कारागिरांनींही तो हातीं घेतला. तोंडांत मासा धरलेलें लांकडी अस्वल प्रवाशांनीं घरोघर नेलें. १९७० मध्यें साप्पोरोची वस्ति दहा लाखांवर गेली, १९७२ मध्यें तेथें हिंवाळी ऑलिंपिकचे सामने झाले. डोंगरांतील अस्वल जसजसें विरळ होत गेलें तसतसें दुकानांतील अस्वल वाढत गेलें, आणि शहरांत जन्मलेल्या नव्या पिढीला ह्या दुसऱ्या अस्वलाचीच माहिती उरली.

१९९० मध्यें वसंतांतील ती मोहीम बंद झाली. हा निर्णय योग्य होता, हें आम्ही निःसंदिग्धपणें म्हणतों. साप्पोरोच्या पश्चिमेकडील डोंगरांतला अस्वलांचा समूह इतका घटला होता कीं धोक्यांतील स्थानिक समूह म्हणून त्याची सरकारी यादींत नोंद झाली. मारणें थांबविलें तें चांगलें केलें. परंतु मारण्याच्या जागीं दुसरें कांहीं योजिलें नाहीं, ही चूक झाली. बंदूक खालीं ठेवणें हें धोरणाचें अर्ध्यावर येणें आहे. त्यापुढें कुंपण कोणीं घालावयाचें, नदीकांठचें रान कोणीं छाटावयाचें, माणसाला न भिणाऱ्या अस्वलाचें काय करावयाचें, हें सर्व ठरवावयास हवें होतें. तें फार हळू ठरत गेलें. अस्वलें मात्र थांबलीं नाहींत. होक्काइदोंतील त्यांची संख्या सरकारी अंदाजाप्रमाणें १९९० च्या सुमारास पांच हजारांच्या आसपास होती; तीन दशकांत ती दुपटीवर जाऊन बारा हजारांच्या घरांत पोंचली. उलट शिकाऱ्यांचें पाहिलें तर १९७८ च्या सुमारास तेथील शिकारी मंडळाचे सभासद सुमारें वीस हजार होते. ते पुढें चौथाईच्या आसपास उरले, आणि उरले त्यांतील पुष्कळ म्हातारे.

मग २०२१ चा १८ जून उजाडला. पहांटे साडेतीनच्या सुमारास शहराच्या पूर्व विभागांत, घरांच्या रांगांमधून, एक अस्वल चालत असल्याची पहिली वर्दी पोलिसांकडे गेली. कांहीं तासांत त्यानें चार माणसांना जखमी केलें. एक ८० वर्षांवरील वृद्धा, एक सत्तरीचा गृहस्थ, कामावर निघालेला एक चाळिशींतला माणूस, आणि लष्करी तळाच्या फाटकावरील एक पहारेकरी. शेजारच्या विमानतळावरील उड्डाणें थांबलीं. अकराच्या सुमारास शिकाऱ्यांनीं त्याला गोळ्या घातल्या. तें आलें कोठून? उत्तरेकडील डोंगरांतून, नदीनाल्यांच्या कांठच्या उंच गवताच्या आडोशानें, असें जाणकारांचें अनुमान आहे. आणि ज्या तळाच्या फाटकावर पहारेकरी जखमी झाला, ज्या विमानतळावरील विमानें थांबलीं, त्या दोहोंचें नांव ओकादामा. १४३ वर्षांपूर्वीं जेथें कोळसेवाल्याची झोंपडी होती तोच हा भाग! झोंपडीच्या जागीं विमानतळ झाला, परंतु वहींतील तें खातें मिटलेलें नव्हतें.

येथवर आमचे प्रतिपक्षी म्हणतील, "हेंच तर आम्ही म्हणतों! शहरच अपराधी आहे." ठीक, अपराध कबूल. आतां अपराध्यांनीं काय केलें तें ऐका. २०१९ च्या उन्हाळ्यांत शहराच्या दक्षिण विभागांत, फुजिनो भागांत, एक अस्वल रात्रीमागून रात्र परसांतील मका व फळें खात फिरूं लागलें. माणसें दिसलीं तरी तें पळेना. अखेर ऑगस्टांत तें मारण्यांत आलें. त्याबरोबर पालिकेवर निषेधाच्या दूरध्वनींचा व पत्रांचा भडिमार झाला. २०२५ च्या जुलैंत होक्काइदोच्या दक्षिण टोकाकडील फुकुशिमा गांवांत पहांटे वर्तमानपत्रें टाकणारा एक माणूस अस्वलानें मारला. तें अस्वल ठार केल्यावर प्रशासनाकडे दोनशेंहून अधिक तक्रारी आल्या, आणि त्यांतील पुष्कळ बेटाबाहेरून आल्या होत्या. ज्यांच्या दारांत अस्वल यावयाचें नाहीं त्यांनीं त्याच्या वतीनें, ज्यांच्या दारांत तें रोज येतें त्यांना धारेवर धरलें. ह्यालाच आम्ही उसनी भूतदया म्हणतों. दया एकाची, दंड दुसऱ्याचा.

आणि दंड भरणारे कोण तें पाहा. २०२२ च्या मार्चअखेर साप्पोरोच्या सांकाकुयामा टेंकडीवर अस्वलाची गुहा आहे कीं काय हें पाहण्यासाठीं शहरानें ज्यांना धाडलें त्या दोघांना अस्वलानें फाडलें. सुदैवानें ते वांचले. २०२४ मध्यें नाइए नांवाच्या छोट्या गांवानें अस्वलांचा बंदोबस्त करण्यासाठीं शिकाऱ्यांना दिवसाला ८,५०० येन देऊं केले. तेथील किमान मजुरीच्या दरानें एक दिवस साधें काम केलें तरी याहून फारसें कमी मिळत नाहीं! शिकाऱ्यांनीं नकार दिला. आम्ही त्यांना दोष देत नाहीं. सुनागावा शहरांत २०१८ मध्यें एका वृद्ध शिकाऱ्यानें पालिकेच्याच विनंतीवरून एक अस्वल मारलें, तर गोळी घरांच्या दिशेनें झाडली ह्या सबबीवर पुढील वर्षीं त्याच्या बंदुकीचा परवाना काढून घेण्यांत आला. २०२१ मध्यें खालच्या न्यायालयानें निकाल त्याच्या बाजूनें दिला; २०२४ मध्यें वरच्या न्यायालयानें तो फिरविला. बोलावणारें शहर, मारणारा म्हातारा, आणि जाब मागितला तोही म्हाताऱ्यालाच! अशा शहरानें उद्यां कोणाच्या जिवावर सुरक्षित राहावयाचें?

ह्यावरून आम्ही बंदुकीचे भाट आहों असें कोणीं समजूं नये. दुसराही एक पक्ष आहे, आणि त्याचा आवाज अलीकडे चढला आहे. २०२५ मध्यें जपानभर अस्वलांनीं मारलेल्या माणसांची संख्या दहाच्या वर गेली. नोव्हेंबरांत आकिता प्रांतांत सांपळे वाहण्याच्या कामीं सैनिकांची मदत घ्यावी लागली. तेव्हांपासून ह्या पक्षाचें मागणें असें कीं पूर्वींसारखीं सरसकट मारा, म्हणजे प्रश्न मिटेल. ह्या मंडळींनीं १८७८ चें पान पुन्हां वाचावें. ओकादामाच्या झोंपडींत शिरलेलें अस्वल वस्तींत आपण होऊन आलें नव्हतें. तें झोंपेंतून बंदुकीनेंच उठविलें होतें. आणि पूर्वींची सरसकट मोहीम २४ वर्षें चालविल्यावर ती थांबविण्याची पाळी का आली, हेंही त्यांनीं सांगावें. तिनें अस्वलांचा समूह मोडत आणला. परंतु शहराला रानाशेजारीं राहण्याची विद्या शिकविली नाहीं. उलट ती विद्या नकोच, असें शिकविलें.

वास्तविक हे दोन्ही पक्ष एकाच घरचे आहेत. एक म्हणतो सर्व मारा, दुसरा म्हणतो एकही मारूं नका. दोघांचीही इच्छा एकच कीं आपल्याला रोज कांहीं करावें लागूं नये. आणि खरें काम तर रोजचें, कंटाळवाणें व खर्चाचें आहे. साप्पोरोच्या इशियामा भागांतील रहिवासी एकत्र जमून नदीकांठचें गवत कापतात, कारण गवत कापलें कीं अस्वलाचा आडोसा जातो. मालक सोडून गेलेल्या परसांतील फळझाडें तोडावीं किंवा वेळींच उतरवून घ्यावीं लागतात. मक्याच्या शेताला विजेचें कुंपण घालावें लागतें. कचरा झांकून ठेवावा लागतो. २०२३ च्या योजनेंत साप्पोरोनें अरण्य, अरण्यालगतचा पट्टा आणि वस्ति असे भाग पाडून कोठें अस्वलाला राहूं द्यावें व कोठें देऊं नये हें ठरविलें. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें वस्तींत गोळी झाडण्याचा निर्णय त्या त्या गांवच्या प्रमुखाच्या माथ्यावर ठेवला आहे. त्या कायद्यांत दोष असतील; परंतु जबाबदारी एकट्या शिकाऱ्याच्या खांद्यावरून उतरवून शहराच्या खुर्चीवर ठेवली, एवढ्यासाठीं तरी आम्ही त्याचें स्वागत करतों. सीमा जनावराला कळत नाहीं असें म्हणतात. बरोबर आहे, म्हणूनच ती राखण्याचें काम माणसाचें आहे.

हा परदेशचा वाद आम्हांस कशाला, असें एखादा वाचक विचारील. त्याला आम्ही मोहाच्या दिवसांत विदर्भांत जाण्यास सांगूं. तेथें चंद्रपूर-गडचिरोलीकडे पहांटे मोहाचीं फुलें वेंचण्यासाठीं, किंवा तेंदूचीं पानें तोडण्यासाठीं, रानांत जाणारीं माणसें अस्वलाच्या तावडींत सांपडतात. मोह दोघांनाही हवा असतो. वेळही तीच असते. अस्वल तोंडावर वार करतें. वांचलेला माणूस तो चेहरा घेऊन जन्मभर वावरतो. मुंबईकरांस तर इतकें दूर जाण्याचीही गरज नाहीं. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांतील बिबट्याचें कौतुक उंच इमारतींच्या सज्जांतून होतें, आणि बळी पडतो तो बहुधा कडेच्या पाड्यांतील वा झोंपड्यांतील असतो. ओकादामाचा कोळसेवाला आमच्याही शहरांत राहतो; फक्त त्याचा पत्ता आम्हीं कधीं विचारलेला नाहीं.

जनावरांवर दया करूं नका असें आम्ही सांगत नाहीं. उलट, ती करा आणि पदरच्या पैशानें करा, एवढेंच म्हणणें आहे. उद्यानाच्या कडेला दिवे, संडास व कचऱ्याची व्यवस्था ह्यांसाठीं पालिकेनें कर वाढविला तर कुरकुर करूं नका. रानाशेजारीं राहणाऱ्याची नुकसानभरपाई वेळेवर मिळते कीं नाहीं ह्याची चौकशी करा. जनावर पकडण्यास रात्रीं जाणाऱ्या वनरक्षकाला साधनें व विमा आहे कीं नाहीं हें विचारा. आणि क्वचित् प्रसंगीं, सर्व उपाय थकल्यावर, एखादें जनावर मारावें लागलें, तर मारणाऱ्याच्या घरीं दूरध्वनी करून त्याला शिव्या देण्यापूर्वीं एक रात्र त्या पाड्यांत काढून या.

"शहर जनावराच्या घरांत गेलें आहे" हें वाक्य आमच्या घरांतून खुशाल बोललें जावो. मात्र तें बोलणारानें यापुढें अर्ध्यावर थांबूं नये. "आणि त्याचें भाडें आम्ही देऊं" हे पुढील शब्दही त्यानें उच्चारावे. ते उच्चारण्याची ज्याची तयारी नसेल त्यानें चहा मुकाट्यानें प्यावा, एवढीच आमची नम्र सूचना आहे.